चाकाखालचा दगड

हे माझ्यासोबत घडलं आहे. वर्षभर मी एक खोटं सगळ्यांना सांगत होतो, पण इथे लिहिलेल्यात खोटं काही नाही.

तारीख १ जून २०२४. शनिवार. दुपारचे तीन वाजले होते. रात्र नव्हती, अंधार नव्हता. डोक्यावर रणरणतं ऊन होतं.

जागा म्हणजे आदिलाबादजवळच्या जैनथच्या पुढे, पैनगंगेकडे उतरत जाणारं आमचं शेत.

माझ्याकडे जुना ट्रॅक्टर आहे. त्याचा सेल्फ स्टार्टर कायम बिघडलेला. म्हणून आम्ही तो उतारावर उभा करायचो आणि मोठ्या चाकापुढे दगड लावायचो. चालू करताना मी सीटवर बसून क्लच आणि ब्रेक दाबायचो. माझी बायको सुनयना दगड ओढून बाजूला व्हायची. मग मी ब्रेक सोडायचो. ट्रॅक्टर उतरायला लागला की क्लच सोडायचा, इंजिन चालू व्हायचं.

दगडाला हात लावण्याआधी ती दर वेळी विचारायची, "बिरेक दाबला का?"

मी म्हणायचो, "दाबला."

मगच ती वाकायची. बारा वर्षं असंच चाललं.

२०२३ च्या जूनमध्ये ती त्याच चाकाखाली गेली.

ब्रेक फेल झाला, असं मी सांगितलं. पोलिसांना, तिच्या भावाला, आमच्या मुलीला, दीक्षाला.

लोकांनी ट्रॅक्टर ओढून परत उतारावर उभा केला, चाकापुढे दगड लावला. त्यानंतर वर्षभर मी त्याच्याजवळ गेलो नाही.

पण पेरणी जवळ आली. गावातले सगळे ट्रॅक्टर गुंतलेले. शेत तसंच पडलेलं. मी जैनथहून जीवन मिस्त्रीला बोलावलं.

जीवनने टाकी खोलली अन् हसला.

"खुशालभाऊ, डिझेल कमी अन् पाणीच जास्त हाय. ट्रॅक्टर हाय का हापसी?"

त्याने टाकी धुतली. नवा फिल्टर बसवला. नळीतली हवा काढली. मग चाकापाशी बसला आणि थांबला.

"दगड कोणं काढला?"

मी पाहिलं...

चाकापुढे काहीच नव्हतं.

गिअर न्यूट्रलमध्ये होता. उतार असा, की भरली घागर ठेवली तर कलंडेल. तरी ट्रॅक्टर उभा होता.

"गंजून जाम झाला असन," जीवन म्हणाला. त्याने लाकडाचे ठोकळे लावले, जॅकने मोठं चाक उचललं आणि हाताने ढकललं.

चाक गरगर फिरलं. जराही आवाज न करता.

जॅक उतरवला. ठोकळे काढले. ट्रॅक्टर बोटभरही हलला नाही.

जीवनची थट्टा तिथेच संपली.

दगड धुऱ्यावर, शेताच्या बांधावर सापडला, बाभळीखाली. सुनयना जेवताना तो तिथे नेऊन त्यावर बसायची. ट्रॅक्टरवर वर्षाची धूळ साचली होती. बाभळीखालच्या पाल्यावर धूळ होती.

दगडावर नव्हती...

जीवनने ब्रेक खोलून पाहिला. परत बसवला. मग माझ्याकडे वळला.

"भाऊ, बिरेक तर चांगला हाय. एकदम टाइट. तुमी तर फेल झाला म्हणले होते?"

दीक्षा डबा घेऊन आली होती. ती मागेच उभी होती.

"दुरुस्त केला असन कोणी," मी म्हणालो.

"कोणं, बाबा?" दीक्षा म्हणाली. "वर्षभर तर कोणी हातच नाही लावला."

"तुले काय समजते त्यातलं? गप बस."

जीवनने सेल्फ खोलून पिशवीत घातला. "सोमवारी बसवून देतो. तोवर उतारावरून चालू करू नका, भाऊ. माझं ऐका." आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. पैसेही मागितले नाहीत.

मी ऐकायला हवं होतं. पण ब्रेकचं बोलणं दीक्षाच्या डोक्यातून काढायचं होतं. ट्रॅक्टर चालला की ती विसरेल, असं वाटलं.

"दगड आण अन् चाकापुढं लाव," मी म्हणालो. "मी म्हटलं की ओढजो."

"आईच्याच जागी उभी करता काय मले?"

"बिरेक चांगला हाय ना आता. जीवननं पाह्यला. चाल."

तिने दगड आणून लावला. मी सीटवर बसलो. दुसरा गिअर टाकला. डावा पाय क्लचवर होता.

दीक्षा चाकापुढे वाकली.

तेवढ्यात बाभळीवरचे होले पक्षी घुमायचे थांबले... वाराही पडला.

आणि उजव्या बाजूने, मडगार्डच्या अगदी जवळून आवाज आला.

"बिरेक दाबला का?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दाबला."

माझा उजवा पाय ब्रेकवर नव्हता.

ट्रॅक्टरने पुढे झोक घेतला. जो इतका वेळ दगडाशिवाय उभा होता, तो आता दगडाला रेटू लागला. दगड मातीत करकरला. दीक्षाचा हात दगडाखाली अडकला. ती किंचाळली.

मी ब्रेकवर पाय मारला.

पेडल खाली जाईना...

अडकलेलं पेडल कसं असतं, मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. मी दाबत होतो आणि खालून कोणी तेवढ्याच जोराने वर रेटत होतं. मी उभा राहून अंगाचा सगळा भार टाकला. पेडलने माझाच पाय वर ढकलला.

चाक दीक्षाच्या कोपराकडे येत होतं.

"नाही दाबला!" मी ओरडलो. "तवाही नव्हता दाबला! मी फोनवर होतो, सुनयना! पोरीले सोड!"

पेडल एकदम खाली गेलं. ट्रॅक्टर जागीच थांबला.

दीक्षाने हात ओढून काढला. दोन बोटं चिरडली होती. तिने बोटांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होती.

"तवा म्हणजे कवा, बाबा?"

"तू विचारलं ना मले, बिरेक दाबला का म्हणून?"

"मी काहीच नाही बोलली. तवा म्हणजे कवा?"

मी सांगितलं. सुनयनाने विचारलं तेव्हा मी बियाण्याच्या दुकानदाराशी बोलत होतो. पाय बाजूला होता. तोंडाने 'दाबला' म्हणालो आणि ती वाकली. एवढंच.

दीक्षाने ओढणी बोटांना गुंडाळली आणि एकटी पायी रस्त्याला लागली. आता ती आदिलाबादला मामाकडे राहते. मामालाही तिनेच सांगितलं. मी फोन केला तर उचलत नाही.

जीवनने सेल्फ बसवून दिला. आता उताराची गरज नाही, दगडाचीही नाही. ट्रॅक्टर सपाट जागेवर असतो. इंजिन एका झटक्यात चालू होतं.

पण मी गिअर टाकला की उजवीकडून आवाज येतो.

"बिरेक दाबला का?"

"दाबला," मी सांगतो. खरंच दाबलेला असतो. अंगाचा सगळा भार टाकून.

थोडा वेळ जातो... इंजिनच्या आवाजातही स्पष्ट ऐकू येतं. ती पुन्हा विचारते.

मी पुन्हा सांगतो.

ती पुन्हा विचारते.

गेल्या पेरणीला मी सकाळी आठला सीटवर बसलो होतो. दुपारी डिझेल संपून इंजिन बंद पडलं, तेव्हाही माझा पाय ब्रेकवरच होता.

ती विचारतच होती.