कपाटातला आवाज

दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय ओळ छापायची नाही, ही वर्तमानपत्रातल्या नोकरीनं लावलेली सवय. या घटनेला साक्षीदार दोन आहेत. मी आणि माझी ताई. म्हणून लिहितोय. यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. भर दुपार. माझंच घर.

आई-वडिलांमागे आम्हा दोघांना आत्यानं वाढवलं. अर्धांगवायूनं तिची वाचा गेली, उजवा हात गेला. उरलं एक बटण. पडद्यावर अक्षरं सरकत. हवं ते आलं की ती डाव्या हातानं बटण दाबायची. मग संगणक तिचं वाक्य बोलायचा. सपाट, पुरुषी आवाजात.

तो जुना संगणक जळला. बोलणारा प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर चालेना. उपाय एकच, व्हर्च्युअल मशीन. म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करायचा. पण ते सॉफ्टवेअरही अडून बसलं. या ऑपरेटिंग सिस्टिमला सपोर्ट नाही म्हणे.

मधल्या काळात ताईनं आणि मी ठरवलं होतं... आत्याला वृद्धाश्रमात ठेवायचं.

तिचा होकार तेवढा हवा होता. आणि आजारापासून ती प्रत्येक प्रश्नाला होकाराचीच मान हलवायची. चहा हवा? हो. चहा नको? तरी हो.

शनिवारी मी एक सेटिंग बदललं आणि जुना पडदा उघडला. यंत्र बोललं, "मी तयार आहे."

मी लॅपटॉप बंद केला. बटणासकट कपाटात ठेवला. कुलूप लावलं.

रविवारी ताई आली.

"काय रे, जगाच्या चुका काढतोस आणि एक डबडं चालू होईना?"

"सपोर्टच नाही, ताई. सगळं करून पाहिलं."

हे सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ताई आत्याजवळ बसली. "आत्या, तिथे बाग आहे छान. जाशील ना गं?"

आत्याची मान हलायला लागली...

टक्.

मी वळून पाहिलं.

टक्... टक्...

कपाटातून.

मग तोच सपाट आवाज.

"नाही... म्हणा... सरकार."

ताईनं माझं मनगट घट्ट धरलं.

आत्याला 'सरकार' म्हणणारा माणूस एकच होता. तिचे यजमान, आमचे काका. ते गेल्यावर कित्येक वर्षांनी तो प्रोग्रॅम घरात आला.

आत्या हसली. अर्ध्याच तोंडानं. पाहत होती ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

मी कुलूप काढलं. लॅपटॉप बंद होता. हाताला गार लागला.

"चालू कर," ताई म्हणाली.

"अगं, ते..."

"चालतं ना? चालू कर म्हणते मी."

व्हर्च्युअल मशीन मुकाट्यानं उघडलं. बटण आत्याच्या हाती दिलं. ती एकेक अक्षर जुळवत राहिली. आम्ही उभे.

"काल... ऐकलं... मी. वाटलं... आणून देशील."

ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वृद्धाश्रमाला नकार ताईनंच कळवला. आत्या माझ्याकडेच आहे.

त्या संध्याकाळी मी धीर करून विचारलं, "आत्या, मघाशी कोण बोललं गं?"

तिचं बोट बटणावर गेलं.

"त्यांना... पुन्हा... कोंडू नकोस."

तेव्हापासून तो लॅपटॉप बंद केलेला नाही. सिस्टिम रोज अपडेट मागते. केलं तर व्हर्च्युअल मशीन पुन्हा उघडेल की नाही, सांगता येत नाही. मी रोज 'नंतर' दाबतो.

दुपारी आत्या झोपते. बटण तिच्या उशाशी असतं, कुणीही हात न लावलेलं. पडद्यावर अक्षरं सरकत असतात...

आणि एका अक्षरावर थांबतात.

पहिलं अक्षर दरवेळी माझ्या नावाचं असतं.

वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी खोलीबाहेर जातो.