मागच्या सीटवरचा ठिपका

आधी सगळ्यांनी आपापले फोन पालथे ठेवा. हो, तूसुद्धा. दिवे येईपर्यंत कुणाचं काही अडत नाही. आणि ही गोष्ट ऐकताना त्या काळ्या काचेचं तोंड आपल्याकडे नसलेलंच बरं.

माझ्या दुकानाला लागून ज्याचं दुकान होतं, त्या चिमट्याची ही गोष्ट. त्याच्याच तोंडून ऐकलेली. फोन दुरुस्त करायचा. हातात सदा तो बारीक टोकाचा चिमटा, म्हणून चिमट्या. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे. हात सोन्याचा होता पोराचा. मेलेले फोन बोलते करायचा. खोड एकच. लोकांच्या फोनमध्ये नाक खुपसायचं. दुरुस्तीला टाकताना लॉक सांगावंच लागतं ना आपल्याला? नाहीतर फोन चालतो की नाही हे तो बघणार कसा? तेवढ्या सवलतीत हा बाबा अख्खं घर फिरून यायचा.

तर मागच्या नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार. अमावास्या. साडेआठ वाजले असतील. चिमट्याने शटर अर्धं ओढलं आणि एक कोरा फोन पोचवायला निघायची तयारी करू लागला. फोन वखारवाल्याचा होता. गावाबाहेर, दगडाच्या खाणीवरून जो रस्ता जातो, त्याच्या टोकाला त्याची लाकडाची वखार आणि मागे घर. पहिली बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि दुसरं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या बायकोला भेट द्यायला हा फोन.

कोरा फोन दुरुस्तीवाल्याकडे कशाला, असं विचारतोस? शहाणा आहेस. वखारवाला फोन देताना म्हणाला होता, "पहिलीच्या फोनमध्ये घातलं होतंस ना, तसंच घाल."

पहिली म्हणजे नर्सबाई. दवाखान्यात कामाला होती, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. हसतमुख बाई. कुणाचंही इंजेक्शन असलं तरी आधी गप्पा मारून मग हळूच सुई टोचायची. पण नवऱ्याच्या डोक्यात संशयाचा किडा. ही कुठे जाते, कुणाशी बोलते, उशीर का झाला. एकदा तिच्या फोनची काच फुटली आणि तिने तो चिमट्याकडे टाकला. तिच्या मागोमाग नवरा हजर. चिमट्याने काच बसवली आणि आत पाळत ठेवणारं ते ॲप घातलं. वरून दिसायला हिशेबाचं यंत्र. आतून चोवीस तास चुगली करणारं. बाई कुठे आहे ते नकाशावर ठिपका होऊन दिसायचं, आणि हवं तेव्हा बटण दाबलं की फोनच्या आसपासचं सगळं ऐकू यायचं.

आता यात चिमट्याची कामाची एक पद्धत होती. असलं काही बसवलं की चालतंय का हे गिऱ्हाइकाला दाखवायला त्याच्या ड्रॉवरमध्ये एक जुना फोन असायचा, टेस्टिंगचा. आधी त्यावर जोडायचं, ठिपका दाखवायचा, मग गिऱ्हाइकाच्या फोनवर द्यायचं. नंतर आपलं जोडलेलं काढून टाकायला पाहिजे की नको? याने काढलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ड्रॉवर उघडायचा, कानाला लावायचा आणि जिवाचा कान करून ऐकत बसायचा. नवरा-बायकोची भांडणं. बाईचं रडणं. याची करमणूक. मला तेव्हा कळलं असतं तर त्याच्या कानाखाली मीच जाळ काढला असता.

एक दिवस नर्सबाई स्वतः दुकानात आली. फोन तापतो, रात्रभरात बॅटरी उतरते, आणि मी कुठे होते ते घरी सगळं आधीच माहीत असतं, असं सांगू लागली. मग काउंटरवर फोन ठेवून हळू आवाजात म्हणाली, "दादा, माझ्या फोनमध्ये काही आहे का? नीट बघून सांगा."

नीट ऐका रे. विश्वासाने विचारायला ती कुणाकडे आली होती, बघा. चिमट्याने फोन उलटापालटा केला, भिंगातून पाहिल्यासारखं केलं आणि साळसूदपणे म्हणाला, "काही नाही, ताई. बॅटरी जुनी झालीय." नवी बॅटरी घालून दिली. बाईचा जीव भांड्यात पडला. त्याच भरवशावर तिने त्या रात्री त्याच फोनवरून भावाला सांगितलं की आता मला इथे राहायचं नाही, उद्या अंधार पडला की खाणीच्या वळणावर गाडी घेऊन ये.

भाऊ आला. वळणावर कुणीच नव्हतं. सकाळी बाई खाणीतल्या पाण्यावर तरंगताना सापडली. अंधारात पाय घसरला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिचा फोन काही मिळाला नाही. भाऊ चिमट्याकडेही येऊन विचारून गेला की तिच्या फोनमध्ये काही होतं का. चिमट्याने हात झटकले. बॅटरी बदलली तेवढीच, म्हणाला. मी शेजारीच उभा होतो, माझाही विश्वास बसला.

आणि आता हा दुसरीसाठी तेच घालत होता. त्या पोरीने वखारवाल्याला धड ओळखलंही नव्हतं. चिमट्याला मनातून लाज वाटली म्हणे. वाटली असेल. पण काम केलंच.

फोन तयार झाला. चालतोय का बघायला त्याने ड्रॉवरमधून टेस्टिंगचा फोन काढला आणि चालू केला. नकाशा उघडला. एक ठिपका दुकानात, तो नव्या फोनचा. बरोबर.

दुसरा ठिपका खाणीत.

नाव नर्सबाईचं. खाली लिहिलेलं, आत्ता चालू आहे. बॅटरी भरलेली.

चिमट्याला वाटलं, जुनं काहीतरी अडकलंय. त्याने ते नाव पुसलं. परत आलं. पुन्हा पुसलं. पुन्हा आलं. मग त्याने तो फोन बंद केला, वखारवाल्याला ठिपका दाखवायला लागणार म्हणून खिशात टाकला आणि स्कूटरला किक मारली.

खाणीचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला दगडाच्या पांढऱ्या भुकटीने माखलेला खोल खड्डा आणि त्यात काळं पाणी. दिवे नाहीत. चिमटा हातात असला की जगाला न भिणारा हा माणूस त्या रस्त्यावर मोठमोठ्याने गाणं म्हणत निघाला. वळणाच्या अलीकडे खिशातला फोन थरथरला. बंद केलेला फोन, बरं का. त्याने स्कूटर थांबवून तो काढला. नकाशा उघडाच होता.

खाणीतला ठिपका हलत होता.

पाण्यातून काठावर. काठावरून रस्त्यावर. सरळ त्याच्याकडे. माणूस चालतो त्या चालीने...

समोर पाहिलं. रस्ता मोकळा. मागे पाहिलं. कुणी नाही. ठिपका मात्र आला. त्याच्या स्वतःच्या ठिकाणावर येऊन थांबला. आणि स्कूटरची मागची सीट दबली. बाई बसते ना, एका बाजूला पाय सोडून, तशी.

चिमट्याची वळून बघायची छाती होईना. तेवढ्यात फोनमधून आवाज यायला लागला. आधी इंजिनची घरघर. त्याच्याच स्कूटरची. मग धापा. त्याच्याच. तो श्वास रोखायचा, फोनमधल्या धापा थांबायच्या. तिचा फोन जिथे कुठे होता, तिथून त्याला ऐकत होता. अगदी जवळून. आणि त्याने श्वास रोखलेला असताना...

आणखी एक श्वास. ओला. घशात पाणी असल्यासारखा.

"दादा, माझ्या फोनमध्ये काही आहे का? नीट बघून सांगा."

फोनमधून नाही. उजव्या कानाशी.

आणि बघा माणसाची सवय. त्याही घटकेला चिमट्याच्या तोंडून निघून गेलं, "काही... काही नाही, ताई."

ती फक्त पुढे सरकली. गार गाल त्याच्या कानाला टेकला.

"नीट बघून सांगा."

"आहे," चिमट्या म्हणाला. "आहे, ताई."

"कुणी घातलं?"

"मी."

"कुणासाठी?"

त्याने वखारवाल्याचं नाव घेतलं. सगळंच बोलून टाकलं त्याने. ऐकत बसायचा तेही. खाणीवर भाऊ येणार हे वखारवाल्याला कसं कळलं तेही. शब्द संपले. मागे नुसतं पाणी टपकत होतं रस्त्यावर. थेंब... थेंब...

"चला," ती म्हणाली. "तिकडेच निघाला होता ना तुम्ही."

त्याने स्कूटर परत वळवायचा प्रयत्न केला. हँडल वळेना. स्कूटर आपली आपण वखारीच्या दिशेने निघाली. कशी चालवली, चिमट्याला आठवत नाही. वखारीच्या फाटकाशी थांबली. मागची सीट वर आली. हलकी झाली.

ठिपका फाटकातून आत गेला.

आता त्याला पळता आलं असतं. ओरडून त्या माणसाला सावध करता आलं असतं. पण हा मेला तिथेच उभा राहिला, फोन उजव्या कानाला लावून. रोजच्यासारखा.

फोनमध्ये कडी वाजली. टीव्हीचा आवाज. टीव्ही बंद झाला. वखारवाला म्हणाला, "कोण आहे?"

थेंब... थेंब...

"अहो, इकडे बघा," ती म्हणाली. "सारखं विचारायचात ना, कुठे आहेस. ही काय, इथे आहे."

खुर्ची सरकली. वखारवाला काहीतरी म्हणायला गेला. अर्धाच शब्द. मग पाणी. खोल पाण्यात माणसाला दाबून धरल्यावर येतो तो आवाज. खूप वेळ... मग बुडबुडे. मग तेही नाही.

चिमट्याने फोन फाटकावर आपटून फोडला, नवा फोनही त्याच्यावरच, आणि धावत सुटला. थेट नर्सबाईच्या भावाच्या दारात. त्याचे पाय धरून सगळं ओकला. दुसऱ्या दिवशी पोलिसांना सांगितलं, त्या नव्या पोरीच्या घरीही जाऊन सांगितलं. तिच्या आईने त्याच्या तोंडावर दार लावलं. योग्यच केलं.

वखारवाला खुर्चीत बसलेला सापडला. कपडे कोरडे. फरशी कोरडी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बुडून मेला. त्या घरात साधी बादलीही भरलेली नव्हती. बाईचा फोन शोधायला माणसं खाणीत उतरली. हाती काही लागलं नाही.

चिमट्याने दुकान विकलं. तो जिवंत आहे म्हणून सुटला, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. परवा भेटायला गेलो तर जेवता जेवता मध्येच मान तिरकी करून म्हणाला, "आहे, ताई. आहे." समोर मी आणि त्याची बायको, दुसरं कुणी नाही. आम्ही बघतोय म्हटल्यावर खाली मान घालून जेवायला लागला.

त्या रात्रीपासून त्याच्या उजव्या कानातून पाणी येतं. गार पाणी. कानाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. पडदा धड. जखम नाही, पू नाही. पाणी येतं कुठून, त्यांनाही सांगता येईना. औषधं बदलून झाली. आता त्याची बायको रात्री उशीवर जाडसर टॉवेल घालते आणि सकाळी वाळत टाकते. मी निघालो तेव्हा तोच दोरीवर होता. वाळून खडखडीत झालेला. तिने काढला आणि माझ्यासमोर झटकला.

दगडाची पांढरी भुकटी पडली त्यातून. ओंजळभर.