नेल्डाची अर्धी गोळी

"देवा, माझ्या बायकोला आणि मुलींना विमा आहे, याबद्दल तुझे आभार... आणि त्यांच्या नशिबी माशांपायी नोकरी सोडणारा बाप आला नाही, याबद्दल तर शतशः आभार!"

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी एकमेकांचे हात धरून प्रत्येकानं एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, ही त्या घरातली जुनी रीत. पण आज कर्बीच्या तोंडून आभारांऐवजी अंगारच बाहेर पडला! भाजलेल्या टर्कीवरची वाफ विरून गेली, दोन्ही चिमुरड्या नाती भेदरून आईला चिकटल्या आणि हर्शेलनं आपल्या मुलाचा हात हळूच सोडून दिला.

"कर्बी, आजच्या दिवशी तरी..." नेल्डा पुटपुटली.

"आजच्याच दिवशी, आई! मी डोकेदुखीची गोळी शोधायला स्वयंपाकघरात गेलो तर काय दिसलं? तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्या सुरीनं अर्ध्या कापलेल्या! सांग ना बाबांना, का कापतेस ते!"

अर्ध्या...? हर्शेलला कुठं ठाऊक होतं! गेले कित्येक दिवस नेल्डा जिन्यावर मध्येच थांबायची, कपाळ दाबून धरायची, आणि त्यानं विचारलं की हसून म्हणायची, "वय झालं रे आता." आणि तो वेडा विश्वास ठेवून शेडमध्ये निघून जायचा. आपल्या हातानं आपण हिचं आयुष्य कापत आणलं, अर्धं अर्धं... या विचारानं त्याला टेबलाची कड घट्ट धरावी लागली.

टायरच्या कारखान्यात त्याची उभी हयात गेली होती. नोकरीबरोबर विमा होता आणि त्या विम्यात नेल्डाही सुखरूप होती. मग वसंतात कारखान्यानं जाहीर केलं की माणसं कमी करणार, मात्र जितके जुने लोक आपणहून निवृत्ती घेतील तितक्या पोरांच्या नोकऱ्या वाचतील. काढायच्या पोरांमध्ये कर्बीचं नाव होतं. हर्शेलनं एका दुपारी कोणालाही न विचारता निवृत्तीच्या कागदावर सही केली आणि घरी येऊन सांगितलं, "कंटाळलो बुवा. आता आरामात मासे पकडणार." हातात आलेले पैसे घराच्या कर्जात गेले, विमा नोकरीबरोबर गेला, उरलं तुटपुंजं पेन्शन. सरकारी म्हातारपणीचा विमा मिळायला दोघांनाही अजून काही वर्षं होती. आणि ज्याची नोकरी वाचली तोच मुलगा त्या दिवसापासून बापाशी तिरसटासारखा वागू लागला! हर्शेलनं ते मुकाट्यानं गिळलं. पण नेल्डाचं काय? तिला कोणी विचारलं होतं?

तो उठू लागला.

"बस खाली!" नेल्डाचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता. "आणि कर्बी, तू कान उघडून ऐक. तुझ्या बापाला मासे पकडणं आवडत नाही. गळाला अळी लावायचीही किळस येते त्याला! काढायच्या लोकांत तुझं नाव होतं, म्हणून त्यानं आपली जागा सोडली. फोरमनच्या बायकोनं त्याच रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मला सांगितलं सगळं."

कर्बीचा चेहरा पांढराफटक पडला. हर्शेलचाही.

"तू... तुला ठाऊक होतं?" हर्शेल तिच्याकडे वळला. "मग बोलली का नाहीस, नेल्डा?"

"काय बोलणार होते? मला विचारलं असतंस तर मीही सहीच कर म्हटलं असतं. तुला अपराधी वाटू नये म्हणून तर गोळ्या कापते हे लपवलं रे! पूर्ण घेतल्या की लवकर संपणार, आणि तपासल्याशिवाय डॉक्टर नवी चिठ्ठी देणार नाही; विमा नसताना त्या तपासणीचं बिल केवढं येणार! मग तुला कळलंच असतं."

हर्शेलचा बांध फुटला. आजवर बायकोमुलासमोर कधी न रडलेला तो कणखर माणूस लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. "अजून एक पाप आहे माझ्या पदरी. काल वाचनालयात विम्याच्या मदतीची चौकशी करायला गेलो होतो. मला वाटलं, कमाई जितकी कमी, तितकी मदत जास्त. तिथं मदतीला बसलेली बाई म्हणाली, 'आपल्या राज्यात उलटं आहे, काका. हप्त्याला मदत हवी तर ठरावीक कमाई लागते. तुमची तेवढीही नाही.' थोडीशीच कमी पडते, नेल्डा! आणि मी... सगळ्या गावाची गवत कापायची यंत्रं, मोटरच्या करवती दुरुस्त करतो आणि वर म्हणतो, 'राहू दे रे, पैसे कसले!' टोमॅटो घेतले, लोणच्याच्या बरण्या घेतल्या... पैसे घेतले असते तर आज तुझ्या हातात विम्याचं कार्ड असतं. गावात मोठेपणा मिरवला मी, आणि त्याची किंमत तू भरलीस!"

टर्कीकडे आता कोणाचं लक्षच नव्हतं. मग कर्बी उठला, खुर्चीला वळसा घालून आला आणि बापाच्या गुडघ्याशी बसला. "बाबा, मला माफ करा... मी काय काय बोललो तुम्हाला!" हर्शेलनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता रडारड पुरे," नेल्डा डोळे पुसत म्हणाली. "यंत्रं अजून बिघडतात ना गावात? मग पैसे घे की! त्या मदतीसाठी पुढच्या वर्षीची अंदाजे कमाई धरतात, मागची नाही. आणि खरंच घ्यायचे हं, नुसतं सांगायला नाही."

शनिवारी शेडवर पाटी लागली: 'दुरुस्ती करून मिळेल. पैसे रोख.' हर्शेलनं ती रंगवली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. चर्चमधल्या लोकांकडून पैसे मागायचे! त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते कर्बी, आपली जुनी करवत खांद्यावर टाकून.

करवत दुरुस्त झाली, झकास चालली. कर्बीनं खिशातून नोटा काढल्या.

"अरे, राहू दे रे, तुझ्याकडून पैसे कसले..." हर्शेलच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"बाबा," कर्बी म्हणाला. हात त्यानं तसाच पुढे धरला होता. डोळे भरून आले होते.

हर्शेलनं वर पाहिलं. ओसरीत नेल्डा उभी होती, शाल घट्ट लपेटून. त्या एका क्षणात त्याला वाटलं, मुलासाठी नोकरी सोडणं किती सोपं होतं! त्याच मुलासमोर हात पसरणं... देवा!

त्यानं हात पसरला. कर्बीनं पैसे तळहातावर ठेवले आणि बापाची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली.

ओसरीत नेल्डानं डबी उघडली. या नव्या कमाईवर अर्ज केला की जानेवारीत विमा सुरू होणार होता, तोवर गोळ्या पुरणार होत्या. तिनं दोन अर्धे तुकडे शोधून तळव्यावर जोडले, अख्खी गोळी हर्शेलला दिसेल अशी धरली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली.