एकोणीस नंबरचं पोर्ट

दार लोटून घ्या, आणि मध्येच प्रश्न विचारू नका. हे माझ्या साडूंच्या बाबतीत घडलंय. सोळा नोव्हेंबर, मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. तारीख पाठ आहे, कारण पहाटे त्यांना आणायला मीच गेलो होतो.

साडू नेटवर्कची कामं करतात. त्या रात्री पुठ्ठ्याच्या कारखान्यात स्विच बसवायचा होता. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे रे. चोवीस भोकांचा लोखंडी डबा. एकेक भोक म्हणजे एकेक पोर्ट, त्यात एकेक वायर. डबा एकच, पण आत न दिसणाऱ्या भिंती घालता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. ऑफिसचे कॉम्प्युटर एका व्हीलॅनमध्ये, मशीन दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात. कोणतं पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, एवढं लॅपटॉपवरून सांगायचं. तासाभराचं काम.

सोबतीला रखवालदार होता. आडदांड गडी, सगळे त्याला पैलवान म्हणायचे. कामगार घरी गेलेले. दोघंच.

अठरा पोर्ट झाली. एकोणिसाव्याची वायर भिंतीत शिरत होती. साडूंनी विचारलं, तेव्हा पैलवान म्हणाला की ती कटिंग हॉलची. तो हॉल दोन वर्षं बंद होता. तिथला एक ऑपरेटर मशीनवर पडून मेला, आणि तो पहिल्यांदा पैलवानालाच सापडला होता. तेव्हाच तिथला कॅमेरा काढला, वायर तोडून टाकली.

पण एकोणीसचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"साहेब, एवढं राहू द्या," पैलवान म्हणाला.

साडू कामाला काटेकोर. पोर्ट मोकाट सोडणं त्यांना जमत नाही. त्यांनी ते कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये टाकलं.

लॅपटॉपवर कॅमेऱ्यांची चित्रं चौकटीचौकटीत दिसत होती, त्यात एक चौकट वाढली. कटिंग हॉल. एक माणूस गुडघ्यांवर. दुसरा पाठमोरा, हातात लोखंडी पाना. पाना खाली आला. पुन्हा आला. आवाज नव्हता. चौथ्या घावाला त्या माणसाच्या तोंडातून रक्ताची चिळकांडी उडाली. मारणाऱ्याने त्याला केसांना धरून मशीनपाशी फरफटत नेलं, आणि मान वळवली.

पैलवान.

साडूंना मागे बघायला सवडच मिळाली नाही. गळ्याभोवती दोन हात पडले.

"कुठून काढलंस हे?"

खुर्ची उलटली. डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि... हात सुटले.

चौकटीतला मेलेला उभा राहिला होता. अर्धा चेहरा नव्हता. पाना आता त्याच्या हातात. त्याने तो रिकाम्या हवेत हाणला.

इकडे पैलवानाचा खांदा मोडला. काडकन.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

पुन्हा पाना. गुडघा. पुन्हा. बरगड्या. पैलवान सरपटत साडूंच्या पायांशी आला.

"बंद करा... साहेब..."

साडूंनी पोर्ट व्हीलॅनमधून काढलं. ते परत आत आलं. काढलं. परत आलं. मग त्यांनी वायरच धरली. नुसती उपटायची होती.

...ते थांबले.

हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. किती वेळ थांबले, ते त्यांनाही माहीत नाही. गुडघ्यांवरचा तो माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता म्हणे. आणखी तीन घाव पडले.

मग उपटली.

पैलवान जगला. पोलिसांना त्याने आपणहून सगळं सांगितलं. तांब्याची चोरी ऑपरेटरने पकडली होती, म्हणून मारला. डॉक्टरांनी त्याची मोडलेली हाडं मोजली, अकरा. तोंडाला मात्र ओरखडाही नव्हता. दात सगळे जागच्या जागी.

पोलिसांनी स्विच खाली उतरवला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. एकोणीसच्या भोकात काहीतरी अडकलं होतं. एका शिपायाने ते पिनेनं टोकरून तळहातावर घेतलं.

दाढ. मुळासकट.

अजून ओली...