दवाघर खिंडीत का गेलं?

उंबरटच्या शाळेमागचं मैदान त्या सकाळी रिकामं दिसलं, तेव्हा मैनाला वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि हे स्वप्न आहे.

दिवाळीपासून त्या मैदानात दवाघर उभं होतं. हत्तीएवढं, पांढरंशुभ्र आणि सहा पायांचं. त्याला चाकं नव्हती, कारण उंबरटच्या खोऱ्यात चाकं चालतील असे रस्तेच नव्हते. समोर धरणाचं पाणी आणि मागे डोंगर. दवाघराच्या पोटात एक खाट होती, औषधांचं शीतकपाट होतं, तपासणीची यंत्रं होती आणि एक आवाज होता. आवाज यंत्राचाच, पण इतका मायाळू की गावाने त्याला ‘दवाबाई’ असं नाव ठेवलं होतं. दुखणं मोठं असलं की दवाबाई उपग्रहाच्या (पृथ्वीभोवती फिरत संदेशांची ने-आण करणाऱ्या यानाच्या) मदतीने जिल्ह्याच्या डॉक्टरांना पडद्यावर बोलावत असे.

आणि आता तिथे उरले होते फक्त मातीत उमटलेले सहा पायांचे ठसे. ठसे डोंगराच्या दिशेने गेले होते. शाळेच्या भिंतीवरच्या पडद्यावर एक ओळ झळकत होती : ‘कमाल प्रतीक्षाकाल घटवण्यासाठी स्थानबदल केला आहे.’

सरपंच सुलोचनाकाकींनी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. “मैना, तू सहावीत आहेस ना? काय म्हणतंय हे?”

“मलाही नाही कळलं, काकी.”

गुरुजींनी चष्मा पुसला. “एकेका शब्दाचा अर्थ सांगतो हवं तर. पण सगळे मिळून काय सांगताहेत, ते मलाही उमगत नाही.”

दुपारी लाकडं घेऊन उतरलेल्या बायांनी बातमी आणली. दवाघर वर बावखिंडीत, जांभळीखाली उभं आहे! ऐकणारे सगळे बुचकळ्यात पडले. खिंडीत एकही घर नव्हतं. होती फक्त वानरं.

“इथं आम्ही चारशे माणसं,” एक म्हातारा करवादला, “आणि ते वानरांना गोळ्या द्यायला गेलंय व्हय?”

मैनाचे आजोबा, तात्या, उंबरटची लाँच चालवायचे. चैत्र लागला, धरणाचं पाणी ओसरलं आणि लाँच काठावरच्या गाळात रुतून बसली, तेव्हापासून ते घरीच होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दवाबाईच देत असे. ते म्हणाले, “यंत्रच ते, बिघडलं असेल. उद्या जाऊन बघून या.” बोलताना ते डावा खांदा चोळत होते. मैनाने विचारलं तर म्हणाले, “काही नाही गं. रात्री अवघडला असेल.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुलोचनाकाकी आणि मैना सकाळीच निघाल्या. वाटेत काकी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होत्या आणि मैना विचार करत होती, की बिघडलेल्या यंत्राला नेमकं काय विचारायचं असतं.

दवाघर बिघडलेलं मुळीच दिसत नव्हतं. दार उघडं होतं. आत खाटेवर एक तरुण बाई होती आणि तिच्या कुशीत मूठभर बाळ. बाहेर तिचा नवरा डोकं गुडघ्यात घालून बसला होता. ही माणसं वरच्या गव्याच्या माळावरची, धनगरवाड्यातली. बाईचं नाव बबई मरगळे. पहाटे घरीच बाळंत झाली आणि रक्त थांबेना. नवऱ्याने आणि दिराने तिला घोंगडीच्या झोळीतून खिंडीत आणलं होतं.

“आता बरी आहे ती,” दवाबाईचा आवाज आला. “रक्त थांबलंय. या, काकी. ये, मैना.”

भांडण काकींच्या ओठांवरच राहिलं. तरी त्या म्हणाल्या, “चांगलं झालं. पण बाई, तू गाव सोडून इथं का आलीस? आम्हाला काही कळेना झालंय.”

“मी निरोप ठेवला होता.”

“तो कुणालाच समजला नाही,” मैना म्हणाली.

दवाबाई म्हणाली, “अरेरे. मग तो निरोपच नव्हता. मैना, मला सांग, उंबरटच्या सगळ्यात जवळचं गाव कोणतं?”

“सावरी. पाण्यापलीकडे तर आहे. तिथला कोंबडा आरवला तरी ऐकू येतो.”

“आज तुला सावरीला जायचं असेल तर किती वेळ लागेल?”

मैना बोलायला गेली आणि थांबली. पूर्वी तात्या पाव तासात पोहोचवायचे. पण आता लाँच बंद. मधे मांडीएवढा गाळ. त्यात नाव चालत नाही आणि पायही टाकता येत नाही. म्हणजे आधी चढून या खिंडीत यायचं आणि मग पलीकडे उतरायचं. “अडीच तास,” ती पुटपुटली. “पण गाव तर तिथंच आहे! ते लांब कसं गेलं?”

“गाव हललं नाही. वाट हलली. नकाशावरचं अंतर कोसांत असतं, पण आजारी माणसाचं अंतर वेळेत मोजावं लागतं. धरण भरलेलं होतं तेव्हा लाँच सावरीला जायची, माळाच्या पायथ्यालाही जायची. त्या वेळी उंबरटहून कुठलंही घर पाऊण तासाच्या आत होतं, म्हणून मी उंबरटला उभी राहिले. पाणी आटलं आणि माळ, सावरी दोन्ही अडीच तासांवर गेली. या खिंडीतून मात्र तिन्ही ठिकाणं सव्वा-सव्वा तासावर आहेत.”

“पण आमच्या गावात माणसं जास्त आहेत!” मैना हट्टाने म्हणाली. “चारशे! माळावर चाळीस, सावरीत साठ. तुम्ही उंबरटला राहिलात तर जास्त लोकांना कमी थांबावं लागेल.”

“अगदी बरोबर. तू सरासरीचा विचार करतेयस (सगळ्यांचे आकडे मिळवून सगळ्यांत सारखे वाटले की येतो तो आकडा म्हणजे सरासरी). उंबरटला उभी राहिले तर सरासरी वेळ कमीच भरतो. पण थंडीत दोन माणसं आहेत असं समज. एकाजवळ दोन घोंगड्या, दुसऱ्याजवळ एकही नाही. सरासरी किती?”

“माणशी एक.”

“म्हणजे दोघंही उबेत झोपले?”

मैनाने नकारार्थी मान हलवली. आकडा तर बरोबर होता, तरी एक माणूस कुडकुडत होता.

“म्हणून मी सरासरी बघत नाही,” दवाबाई म्हणाली. “ज्याला सगळ्यात जास्त वेळ थांबावं लागतं, त्याची वाट किती कमी करता येईल, ते बघते. त्याला मी म्हटलं ‘कमाल प्रतीक्षाकाल’. कमाल म्हणजे जास्तीत जास्त आणि प्रतीक्षा म्हणजे वाट पाहणं.”

मैनाला थोडं कळलं आणि थोडं कळलंच नाही. बबईकडे पाहिलं की दवाबाईचं पटत होतं. उंबरट आठवलं की पटत नव्हतं. एकच गोष्ट एकाच वेळी बरोबर आणि चूक कशी असेल?

इतक्यात दवाघरातला दिवा तांबडा झाला आणि शाळेतल्या तातडीच्या यंत्रावरून गुरुजींचा घाबरलेला आवाज घुमला. “दवाबाई! तात्या अंगणात कोसळलेत. छातीत कळ येतेय. घामाने नुसते निथळताहेत!”

“तात्या!” मैना किंचाळली.

“गुरुजी, त्यांना एक पाऊलही चालू देऊ नका,” दवाबाई भराभर बोलू लागली. “डॉक्टर पडद्यावर आल्यात, त्या तात्यांना ओळखतात. त्या सांगतात, शाळेतल्या लाल डबीतली एक गोळी त्यांना चावून खायला द्या. मग खुर्चीला बांबू बांधा, त्यांना बसवा आणि खिंडीच्या वाटेने निघा. मीही निघतेय.”

पण खाटेवर बबई होती. दवाबाई काही बोलायच्या आतच ती उठून बसली. “मी उतरते. इथं सावली आहे.”

“तुला चालायचं नाही, नुसतं पडून राहायचं,” दवाबाईने बजावलं. नवऱ्याने तिला उचलून जांभळीखालच्या घोंगडीवर ठेवलं, सलाईनची बाटली फांदीला टांगली. सुलोचनाकाकींनी बाळ स्वतःच्या पदरात घेतलं. “तू जा मैना. हिच्यापाशी मी आहे.”

सहा पाय धडधडत उताराला लागले. आत मैना दांडा घट्ट धरून बसली होती. “त्यांना का निघायला सांगितलंत? तात्यांना हलवायचं कशाला?”

“दोघं एकमेकांकडे निघाले की वाट अर्धी होते. ते घरी थांबले तर मला पूर्ण सव्वा तास लागेल. त्यांना अलगद उचलून आणलं तर आपण मधेच भेटू.”

“तुम्ही परवापर्यंत तिथंच होतात!” मैना ओरडली आणि तिला रडू फुटलं. “शाळेच्या मागे होतात!”

दवाबाईने पाय आणखी जोरात टाकले.

अर्ध्या वाटेवर, वाघजाईच्या देवळापाशी खुर्ची दिसली. चौघांच्या खांद्यावर तात्या राखेसारखे पांढरे पडले होते. त्यांना खाटेवर घेतलं. दवाबाईच्या यांत्रिक हातांनी छातीवर चकत्या चिकटवल्या आणि पडद्यावर हृदयालेख (हृदयातल्या सूक्ष्म विजेची वरखाली होणारी रेषा) उमटला. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि काही प्रश्न विचारून मान हलवली. “द्या औषध.”

“मैना, ऐक,” सुई लावता लावता दवाबाई हळू आवाजात म्हणाली, “हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी आहे. तिच्यात रक्ताची गुठळी अडकलीय. पाटात दगड पडला की पुढचं शेत सुकतं ना, तसं. हे औषध गुठळी विरघळवतं. शेत पूर्ण सुकायच्या आत पाणी पोहोचायला हवं, म्हणून आपण वेळ मोजतो.”

मैना त्या रेषेकडे बघत राहिली. बराच वेळ ती तशीच वेडीवाकडी होती. मग हळूहळू शांत होऊ लागली. तात्यांनी डोळे उघडले.

“कोण, मैना? लाँच बांधलीस का नीट?”

खुर्ची आणणारे चौघं हसले आणि डोळे पुसू लागले.

वारा पडल्यावर उडती रुग्णवाहिका आली. अख्ख्या जिल्ह्यात ती एकच होती आणि वाऱ्यात तिला डोंगरांत शिरता येत नसे. खुर्ची आणणाऱ्यांत मैनाचे वडील होते, ते तात्यांबरोबर गेले. मैना दवाबाईबरोबर परत खिंडीत निघाली, कारण बबई अजून जांभळीखाली होती.

“खरं सांगाल?” वाटेत तिने विचारलं. “तुम्ही उंबरटला असता तर?”

“तर तात्यांना औषध आणखी लवकर मिळालं असतं.”

दवाबाई काहीतरी समजावेल, गोड बोलेल, असं मैनाला वाटलं होतं. हे उत्तर ऐकून तिचा गोंधळ आणखीच वाढला. “मग तुम्ही चुकलात?”

“तात्यांपुरतं पाहिलं तर हो. पण उंबरटला असते तर बबई आज वाचली नसती. मैना, कोण कधी आजारी पडेल ते मला आधी ठाऊक नसतं. तूच सांग. समज, तुझा जन्म अजून व्हायचाय, पण उंबरटला, सावरीला की माळावर, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. तर दवाघर कुठे उभं करशील?”

मैनाने खूप विचार केला. तोवर खिंड आली. जांभळीखाली सुलोचनाकाकी बाळाला मांडीवर घेऊन ओव्या गुणगुणत होत्या. बाळाला कुठे ठाऊक होतं, आपण माळावर जन्मलोय ते?

“जिथून कुणालाच फार थांबावं लागणार नाही, तिथे,” मैना सावकाश म्हणाली. “म्हणजे... इथेच.” आणि लगेच पुढे म्हणाली, “पण मग एक दवाघर पुरत नाही!”

“नाही पुरत,” दवाबाई म्हणाली. “जागा कितीही नीट निवडली, तरी एकाने भागत नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडद्यावर नवा निरोप आला. मजकूर मैनाचा होता : ‘पाणी आटलंय, लाँच बंद आहे. म्हणून मी बावखिंडीत आहे. तिथून उंबरट, माळ आणि सावरी सारखीच लांब. पाणी भरलं की परत येईन. दुखलं-खुपलं तर हाक मारा आणि निघा, मीही निघेन.’ वानरांवरून करवादलेल्या म्हाताऱ्याने तो वाचून घेतला आणि म्हणाला, “असं आधीच सांगायचं की!”

काही दिवसांनी तात्या काठी टेकत घरी आले. सुलोचनाकाकींनी माळावरच्या आणि सावरीच्या लोकांना बरोबर घेऊन दुसऱ्या दवाघराची मागणी लावून धरली आणि पावसाळा सरता सरता ती मंजूर झाली. त्या आठवड्यात शाळेत एक नवाच नकाशा तयार झाला. त्यात अंतर कोसांत नव्हतं, वेळेत होतं. खोरं त्यात अगदीच वेगळं दिसत होतं. धरण पुन्हा भरलं होतं, म्हणून लाँचवाली गावं एकमेकांना खेटून बसली होती आणि चढणीवरची घरं कागदाच्या कडेला गेली होती. दोन दवाघरं म्हणून मुलांनी चिंचेचे दोन चिंचोके घेतले आणि ते इकडून तिकडे सरकवू लागली. एक उंबरटला ठेवावा? की दोन्ही डोंगरावर? जो तो वेगळं सांगत होता.

“दवाबाई, तुम्ही गणित केलंच असेल,” गुरुजी म्हणाले.

“केलंय. पण आधी मुलांना ठेवू द्या.”

मैनाने चिंचोका उचलला आणि हात हवेतच थांबवला. सावरीच्या पलीकडे, कागद संपत होता तिथे, तिला काहीच काढलेलं दिसलं नाही. “सावरीमागच्या रानात कातकऱ्यांची घरं आहेत ना? त्यांना इथे यायला किती वेळ लागतो?”

“मला माहीत नाही,” दवाबाई म्हणाली. “त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.”

मैनाने चिंचोका खाली ठेवला, कागदाला आणखी एक कागद चिकटवला आणि चपला पायात सरकवल्या.

“मग आधी तिकडे जाऊ या,” ती म्हणाली. “गणित नंतर.”