सतराच्या आत

आमच्या दुकानात आवाज गिळणाऱ्या वस्तू मिळतात. फोमच्या पाट्या, जाड पडदे, भिंतींचं अस्तर. एकदा एक गृहस्थ सासूबाईंच्या खोलीला अस्तर लावायचंय म्हणून आले. मी विचारलं, "आतून की बाहेरून?" हसत हसत दोन्हीकडून लावून घेतलं बिचाऱ्यांनी. माणसांना हसवणं मला जमतं. दादा गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकांना हसवलं. आतून मात्र मलाच कुणीतरी अस्तर लावलं होतं. बोलणं कानावर यायचं, पण आत कुठे आदळून परत यायचं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळा दोघांचीही अर्धवट. पण त्यानं नववीचं विज्ञानाचं जुनं पुस्तक मिळवून ध्वनीचा धडा पाठ केला आणि मलाही पढवला. जागा मोजायची तर टेप नंतर, आधी टाळी. टाळी वाजवायची आणि प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते बघायचं. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर धावतो. जातो आणि येतो, म्हणून निम्मे धरायचे.

"अर्ध्या सेकंदानं आला, तर भिंत पंच्याऐंशी मीटरवर," दादा सांगायचा. "आणि भिंत सतरा मीटरच्या आत असली ना, तर प्रतिध्वनी असतो, पण कानाला वेगळा कळत नाही. तुझ्याच आवाजात मिसळून जातो."

त्याचं शेवटचं काम एका शाळेतलं. शाळेच्या दोन इमारती जमिनीखालच्या लांब बोळानं जोडलेल्या. पोरं ओरडत जायची आणि सगळं घुमायचं, म्हणून अस्तर हवं होतं. दादानं तिथे एका दुपारी एकाच बोळाची पाच मापं सांगितली. पंच्याऐंशी, अडुसष्ट, एक्कावन्न, चौतीस, सतरा. शाळेनं चहा पाजून त्याला घरी पाठवलं. बाजारात बोलणं सुरू झालं, थोरला सटकला. दहा दिवसांनी तो झोपेतच गेला.

मग एकदा वहिनींनी जेवताना विचारलं.

"भावजी, खरं सांगा. ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता का हो?"

"काहीतरीच काय, वहिनी."

"शेवटी शेवटी घरात टाळ्या वाजवत बसायचे. इतक्या मोठ्या, की फडताळातली भांडी वाजायची. लोक म्हणतात, वेडा होऊन गेला. तुम्ही तो बोळ मोजून या. जे असेल ते मला सांगा. मग मी पुन्हा विचारणार नाही."

दुसऱ्याच दिवशी दादाची वही घेऊन मी शाळेत गेलो. तास चालू होते. विज्ञानाच्या बाई बोळाच्या तोंडाशी थांबल्या होत्या. त्यांच्या मोबाइलवर आवाजाची रेघ उमटायची. टाळीला एक शिखर, प्रतिध्वनीला दुसरं, आणि मधल्या वेळाचा आकडा. आधी टेप टाकली. बोळ पंच्याऐंशी मीटर, नेमका. पांढरे दिवे लागलेले, ओल्या चुन्याचा वास, पार टोकाला बंद लोखंडी दार. मध्ये काही नाही. साधी खुर्चीसुद्धा नाही.

मी टाळी वाजवली. "अर्धा सेकंद," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे की."

दुसरी वाजवली. बाईंनी मोबाइल हलवून पाहिला.

"शून्य पूर्णांक चार. हे कसं काय?"

"अडुसष्ट मीटर," मी वहीत पाहून म्हणालो.

तिसरीला शून्य पूर्णांक तीन. एक्कावन्न. लोखंडी दार होतं तिथेच होतं. पण आवाज दारापर्यंत पोचतच नव्हता. अलीकडेच कशावर तरी आदळून माघारी येत होता. दिव्यांच्या लख्ख उजेडात. जिथे काहीच नव्हतं तिथून.

"शेठ..." बाईंचा आवाज खाली आला. "ते पुढे येतंय का?"

"प्रत्येक टाळीला सतरा मीटर."

"मग नका ना वाजवू..."

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला एवढंच दिसत होतं की दादाचे आकडे एकेक करून खरे ठरताहेत. चौथी वाजवली, चौतीस. पाचवी वाजवली. तो प्रतिध्वनी टाळीला चिकटूनच आला. सतरा.

वहीत त्याखाली आकडा नव्हता. नुसती आडवी रेघ.

"झालं ना आता... चला," बाईंनी माझी बाही धरली.

मी सहावी वाजवली.

काहीच परत ऐकू आलं नाही. बोळ गप्प. बाईंनी रेघ न बघताच मोबाइल खाली केला. "गेलं, बाई! गेलं एकदाचं."

मी मान डोलावली. बाई रोज हा धडा शिकवतात, पण त्या क्षणी विसरल्या. मी विसरलो नव्हतो.

घरी येऊन वहिनींना म्हणालो, "दादा शहाणा होता. एकही आकडा चुकला नव्हता त्याचा." त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि पोटभर रडल्या. मला तेव्हाही रडू आलं नाही.

बाईंनी दाखवलं तसं मी माझ्या मोबाइलवर रेघ बघायला लागलो. गच्चीवर उभा राहायचो. आमच्या गच्चीसमोर लांबवर मोकळं माळरान, जवळपास भिंत म्हणून नाही. तरी पहिल्या दिवशी दोन शिखरं उमटली. हिशेब केला, दहा मीटर. तिसऱ्या दिवशी पाच. सहाव्या दिवशी दीड, म्हणजे हात लांब केला तर लागेल इतकं. मी हात लांब करून पाहिला. वारा होता.

आज आठवा दिवस. मघाशी दुपारी टाळी वाजवली, तर रेघेवर एकच शिखर. क्षणभर मलाही वाटलं, गेलं. मग कालच्या शिखराशेजारी ठेवून पाहिलं. उंची दुप्पट होती. दोन लाटांची शिखरं नेमकी एकावर एक आली की असं होतं. तेही पुस्तकात आहे, पुढच्याच पानावर.

खालून वहिनींची हाक आली.

"भावजी... भांडी का वाजली हो?"