ओल्या पाल्याचा धूर

हिराबाई दारात नाचणी पाखडत होती, तेव्हा पल्याडच्या काठावर धूर उठला. ओल्या पाल्याचा, जाड, पांढरा. सूप टाकून ती उठलीच. हल्ली ती कुठल्याच धुराला वाट पाहायला लावत नसे.

धरण झालं, मुंबईच्या नळांना पाणी गेलं, आणि ह्यांची टेकडी बेट होऊन बसली. भाताची खाचरं बुडाली, मोहाची झाडं पाण्यात उभ्या उभ्या वाळली. उरली तीन-चार घरं आणि टायरच्या ट्यूबांवर बांबू बांधलेला एक तराफा. तो हिराबाईच्या ताब्यात. पल्याडून यायचं असलं की काठावर पाला पेटवायचा. धूर दिसला की इकडून निघायचं. वैरी असला तरी. ही बेटाची रीत.

हिराबाईनं ती एकदाच मोडली, गेल्या चैत्रात. "तराफा काय तुज्या बापाचा हाय?" जाऊ बाईजा चारचौघांत बोलली नि बाजाराला गेली. दुपारी तिचा धूर दिसला. "बसू दे उन्हात!" म्हणत हिराबाई चुलीपुढं बसून राहिली. बाईजा कुणाची वाट बघणारी नव्हती. पाणी उतरलं होतं. नवरी होऊन ज्या वाटेनं आली, ती बुडालेली वाट पायानं चाचपत ती निघाली. मधली ओढ्यावरची मोरी कधीच वाहून गेली होती. टोपली मिळाली. बाईजा नाही.

"राब जळत होते, कुठला धूर कळला नाय," हिराबाईनं सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसांत शेतं भाजतातच. सगळ्यांना पटलं.

आज काठावर बाईजाची लेक उभी होती, रुपाली. शहापूरला कामाला राहायची. आई गेल्यावर आता पहिल्यांदाच येत होती. पोटी मूल नसलेल्या हिराबाईला माया लावणारी तेवढी एकच.

"बस गो. वाळलीस किती! खायला घालत नाय का कोन?"

"घालतात. तुज्यासारखं बोलत नाय कोन, काकी."

दोघी हसल्या. पण तराफा जड चालला होता, आणि वारा उलटा असून धुराचा वास मागोमाग येत होता.

पाण्याच्या मध्यावर रुपाली हळूच म्हणाली, "काकी... त्या दिशी तू आयेचा धूर बघितला व्हतास?"

वल्हं थांबलं. खरं ओठांवर आलं. पण सांगितलं, तर ही पोर पुन्हा काकी म्हणेल?

"राब जळत होते गो... समदीकडं धूरच."

रुपाली पाण्याकडं बघत राहिली. "आज बरी लगेच आलीस."

"तू धूर केलास ना."

"मी?... माज्याकडं काडेपेटी कुटं? मी आले तवा पाला पेटलेलाच व्हता. वाटलं, माज्या आधी कोन तरी येऊन बसलंय..."

हिराबाई वल्हं मारत राहिली.

काठ लागला. रुपाली उतरली. मागून हिराबाई उतरली. माणसं उतरली की तराफा टुणकन वर येतो, हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल.

तो आला नाही.